मिरचीच्या रोपाला सावली का हवी?

नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास बांधला गेला. बोरी नदीवर हा महाल पोटात असलेला बांध घालणाऱ्या कारागिरांच्या भाकरीवर ठेचा असेलच असं नाही, कारण मिरची तेव्हा दख्खनेत नवखी होती. सोळाव्या शतकात ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिका खंडातून इकडे आली. त्याआधी आपल्याकडचा तिखटपणा मिऱ्यांचा आणि आल्याचा. परसात मिरची लावणाऱ्याने हा इतिहास ध्यानात ठेवावा, कारण या झाडाच्या सवयी अजूनही माहेरच्याच आहेत.

मेक्सिको आणि लगतच्या ॲरिझोनात रानमिरची आजही उगवते. वाटाण्याएवढं लालबुंद फळ, तेही उघड्या माळावर नाही, तर मोठ्या झाडाझुडपांच्या आडोशाला. त्या झाडांवर बसणारे पक्षी मिरच्या खातात आणि बिया विष्ठेतून खाली पडतात. उंदरासारखे प्राणी बी चावून संपवतात. पक्ष्याच्या पोटातून ते शाबूत बाहेर येतं. ट्यूक्सबरी आणि नाभान या संशोधकांनी २००१ मध्ये हे दाखवून दिलं. तिखटपणा हा उंदरांना दूर ठेवायला झाडाने लावलेला पहाराच आहे.

पहारा चालतो कसा, हे डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये उलगडलं. आपल्या चेतातंतूंवर उष्णता ओळखणारं एक प्रथिन असतं. साधारण ४३ अंशांच्या पुढे ते ‘भाजतंय’ असा निरोप मेंदूला धाडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं. म्हणून जीभ पोळत नसतानाही पोळल्यासारखी वाटते. या शोधासाठी त्यांना २०२१ च्या नोबेल पुरस्काराचा मान मिळाला. पक्ष्यांच्या याच प्रथिनावर कॅप्सेसिनचा असर होत नाही. पोपट हिरवी मिरची मिटक्या मारत खातो तो त्यामुळे.

एक पिकलेली मिरची उभी चिरून पाहा. बिया ज्याला लगडलेल्या असतात तो पांढरट गाभा आणि त्याच्या शिरा, कॅप्सेसिन तयार होतं ते तिथे. बी स्वतः तिखट नसतं. गाभ्याचा रस लागून होतं.

आता पेरणी. बी रुजायला माती २५ ते ३० अंश ऊबदार लागते. तशी असेल तर आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो. डिसेंबरच्या गारठ्यात मात्र रेंगाळतो. बी अर्ध्या सेंटिमीटरहून खोल पुरू नये. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, आणि ओल साचली की बुरशीने कोवळी रोपं देठाशी कुजून आडवी होतात. कुंडीत निम्मी वाळू आणि मुरलेलं शेणखत मिसळलं, पाणी सकाळी बेताचं दिलं, की हे बरंचसं टळतं. पाच-सहा आठवड्यांनी रोप वीतभर झालं की दीड-दोन फुटांवर लावावं.

उन्हाळ्यात खरी कसोटी लागते. पारा ३५ च्या वर गेला की परागकण दुबळे पडतात, फळ धरत नाही आणि फुलं गळतात. लोक घाईने खत घालतात. माझ्या मते त्या वेळी खताचा काही उपयोग नाही. झुडपाखालच्या या झाडाला दुपारची सावली द्या. घराच्या पूर्वेकडच्या भिंतीचा आडोसा, शेवग्याची विरळ छाया किंवा हिरवी जाळी, काहीही चालेल. पानं आकसून वाटीसारखी झाली तर तो बोकड्या रोग. त्याला कारण होणारे फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी पानांखाली लपतात, म्हणून निंबोळी अर्क फवारायचा तो पानांच्या खालून.

बी घरचं धरायचं असेल तर संकरित वाणाचं धरू नये. पुढच्या पिढीत झाडं एकसारखी निघत नाहीत. पुसा ज्वाला, परभणी तेजस असे सुधारित वाण निवडावेत. मिरचीचं फूल स्वतःच फळतं, तरी मधमाश्या शेजारच्या ढोबळीचे परागकण आणतात. त्याने यंदाची मिरची बदलत नाही, बदलतं ते तिच्यातलं बी. म्हणून उमलण्याआधीच दोन-चार कळ्यांवर मलमलीची पिशवी चढवावी, फळ धरलं की ती काढून देठाला रंगीत दोरा बांधावा, आणि मिरची झाडावरच पुरती लाल झाल्यावर बी काढून सावलीत वाळवावं.