खिडकीतले झाड : मनीप्लांट की स्नेकप्लांट?

बोनसचा प्रश्न असो, हजेरीपटाचा असो, की नुसत्या पिण्याच्या पाण्याच्या नळाचा असो, त्यावर आम्ही उभ्या उभ्या तास-दीड तास बोलू शकतो. ती सवयच जडली आहे. यंदा व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मात्र आम्ही घरात लावावयाच्या झाडांचे नाव सांगितले, आणि चालक थोडे गोंधळले. युनियनवाल्याने कुंडीवर काय बोलावे? त्याला कारण आहे, ते ओघात येईल.

चिंचोटीच्या नाक्यावरून अहमदाबाद महामार्ग जातो आणि तेथूनच कामणवरून भिवंडीकडे जाणारा रस्ता फुटतो. मागे तुंगारेश्वरचे रान, पुढे कारखान्यांच्या शेडी आणि मध्ये आम्ही. कोणी कोकणातून आलेला, कोणी खानदेशातून, कोणी बिहारातून. गावी प्रत्येकाच्या दारात तुळस होती, परसात अळू होते. इथे दहा बाय बाराची खोली आणि एक खिडकी, तीही बहुधा शेजारच्या भिंतीकडे पाहणारी. अशा खोलीत माणसाला काहीतरी हिरवे हवेसे वाटते, ते चैन म्हणून नव्हे. रस्त्याच्या कडेला रोपे विकणारा बसलेला असतो. त्याच्याकडे हमखास दोन झाडे मिळतात : मनीप्लांटची वेल आणि तलवारीसारख्या उभ्या, पट्टेरी पानांचे स्नेकप्लांट. दोन्ही ‘काही करावे लागत नाही, पाणीसुद्धा कधीमधी’ असे सांगून विकली जातात. घ्यावे कोणते, हा आजचा प्रश्न.

प्रथम दोघांचे कूळ पाहू. मनीप्लांट मूळचे पॅसिफिक महासागरातल्या मूरेआ नावाच्या बेटाचे. अळू, सुरण, आणि पहिल्या पावसात आपल्या बाजारात आदिवासी भगिनी विकावयास आणतात ती शेवळे, ह्या सर्वांचे आणि मनीप्लांटचे कूळ एकच. झाडावर चढावयास मिळाले म्हणजे ह्या वेलीची पाने सुपाएवढी होतात आणि कडेला फाटतात. ज्यांनी ती फक्त बाटलीत पाहिली आहे त्यांना ओळख पटत नाही. तिला फूल जवळजवळ कधीच येत नाही. फुलोरा येण्यास लागणारे एक द्रव्य बनवण्याच्या कामी तिच्यात उपजतच खोट आहे, असे २०१६ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. म्हणून तिचा सारा प्रसार कांड्यांवर चालतो. पेर असलेला तुकडा तोडावा, पाण्यात वा मातीत ठेवावा, मुळे फुटतात. चोरून आणलेली वेल पैसा आणते, हा समज कोठून निघाला देव जाणे. पैसा आणीत असती तर आमच्या अर्ध्या सभासदांचे सावकाराचे देणे केव्हाच फिटले असते.

स्नेकप्लांट पश्चिम आफ्रिकेचे. पूर्वी त्याला शास्त्रज्ञ सॅन्सेव्हिएरिया म्हणत, आता ते ड्रॅसीना ह्या गटात घालतात. ह्याचा एक भाऊबंद आपल्या देशात वाढतो. जुन्या ग्रंथांतली मूर्वा ती हीच, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. तिच्या पानांच्या वाखाची धनुष्याची दोरी करीत, आणि म्हणूनच संस्कृतात प्रत्यंचेला मौर्वी म्हणतात. तेव्हा झाड परदेशचे असले तरी सोयरीक जुनी निघते.

आता खोलीकडे वळू. पहिला प्रश्न उजेडाचा. ‘अंधारातही वाढते’ असे विकणारा म्हणतो, ते खरे नव्हे. अंधारात कोणतेही झाड वाढत नाही. ही दोन झाडे अंधारात सावकाश मरतात, एवढेच. आमची एक साधी कसोटी आहे. भर दुपारी दिवा न लावता जेथे वर्तमानपत्र वाचता येते, तेथे दोन्ही तगतील. त्याहून कमी उजेड असेल तर मनीप्लांटच्या पानांवरचे पिवळे शिंतोडे जातात आणि पेरापेरांतले अंतर वाढून वेल दोरीसारखी लांबते. स्नेकप्लांट अशा जागी वाढावयाचे थांबते आणि महिनोन्‌महिने जसेच्या तसे उभे राहते.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि आम्ही बोलावयास उभे राहिलो ते ह्याच्यासाठी.

काही वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, आमच्या कचेरीच्या मागच्या खोल्यांत तापाची साथ आली. रात्रपाळीला जाणारा एक तरुण कामगार अंथरुणाला खिळला. रक्त तपासले तो डेंग्यू निघाला. नोकरी कंत्राटी, कामावर नाही तर मजुरी नाही. तीन आठवडे गेले, गावी पैसे पाठवावयाचे राहिले आणि इस्पितळासाठी उसनवारी झाली ती वेगळी. आम्ही तावातावाने उघड्या गटारांविरुद्ध अर्ज लिहिला. अर्जावरून एक तपासनीस आला. गटाराकडे त्याने ओझरते पाहिले, कचेरीत शिरला, आणि आमच्याच टेबलावरची मनीप्लांटची बाटली उचलून उजेडापुढे धरली. आत अळ्या वळवळत होत्या. तो म्हणाला, “भाऊ, हा डास गटारात नाही होत. हा तुमच्यासारख्यांकडे स्वच्छ पाण्यात होतो.” ज्या बाकावर तो पोरगा दुपारी येऊन बसत असे, तो बाक त्या टेबलाला लागूनच होता. त्याला चावलेला डास ह्याच बाटलीतला, असे कोणी सिद्ध करू शकत नाही. नव्हता असेही आम्ही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

त्यानंतर आम्ही जे वाचले आणि जाणत्यांना विचारले ते असे. डेंग्यूचा डास एडीस जातीचा, त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. मादी अंडी घालते ती पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवून. आपल्या उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो. पाणी आटले तरी अंडी कोरडी पडून महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी मिळताच फुटतात. म्हणजे बाटलीतले पाणी नुसते ओतून नवे भरल्याने काम होत नाही. आठवड्यातून एक वार नेमून वेल बाहेर काढावी, मुळे धुवावी, आणि बाटली आतून काथ्याने वा ब्रशाने घासावी. बाटलीच्या तोंडाशी वेलीभोवती कापडाचा बोळा घट्ट बसवला तर अधिक चांगले.

आणखी एक गोष्ट, जी कारखान्याच्या वस्तीतच ध्यानात येते. हा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि दिवस कलता कलता. बहुतेक माणसे तेव्हा चालतीफिरती असतात. रात्रपाळीवाला मात्र नेमका सकाळी येऊन झोपतो, तोही गरमीमुळे उघड्या अंगाने, आणि मच्छरदाणी लावतो ती घरातली इतर माणसे, रात्री! म्हणून ज्या घरात रात्रपाळी आहे, त्या घरात आम्ही पाण्यातली वेल ठेवू देत नाही. भांडण झाले तरी चालेल.

हीच वेल मातीत लावली म्हणजे हा धोका जवळजवळ जातो. फक्त कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. मातीतल्या मनीप्लांटला बोटाची दोन पेरे खुपसून माती कोरडी लागली की पाणी द्यावे. उन्हाळ्यात ते आठवड्यातून एकदा-दोनदा होते. स्नेकप्लांटचे तंत्र उलटे आहे. त्याच्या जाड पानांत आणि जमिनीतल्या कांद्यासारख्या खोडात पाणी साठवलेले असते. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा दिले तरी पुष्कळ झाले. हे झाड उपाशी मरत नाही, मायेने मरते. ज्या घरात आजी येता-जाता तांब्याभर पाणी ओतते, तेथे ते बुडाशी पिवळे, मऊ पडून कुजते. आजीला अडवण्यापेक्षा तिला मनीप्लांट द्यावे. स्नेकप्लांटसाठी तेलाचा वा रंगाचा धुतलेला डबा घेऊन बुडाला चार-पाच भोके पाडावी, आणि लाल मातीत निम्म्याच्या आसपास जाड रेती मिसळावी. पानाचा तुकडा रोवूनही नवे रोप होते, पण पिवळ्या कडेच्या जातीत त्या रोपाला पिवळी कड येत नाही, ते साधे हिरवेच निघते. कड हवी असेल तर खालचे खोड फोडून पिलू वेगळे करावे लागते.

आता हवेविषयी. ही झाडे खोलीतली हवा शुद्ध करतात, स्नेकप्लांट तर रात्रीही प्राणवायू सोडते, असे सांगून त्याची किंमत दुप्पट घेतली जाते. १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेत वुल्व्हर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने प्रयोग केले, त्यांत झाडांनी विषारी वाफा शोषल्या हे खरे. परंतु ते प्रयोग लहानशा बंद पेट्यांतले होते. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा फेरतपास झाला. दारे-खिडक्यांतून सहज जी हवा खेळते, तिची बरोबरी करावयास दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडे लागतील, असा त्याचा निष्कर्ष निघाला. मग माणसांनी झोपावे कोठे? रात्रीच्या प्राणवायूचेही तसेच. स्नेकप्लांटची पाने आपली सूक्ष्म छिद्रे रात्री उघडतात आणि कर्बवायू आत घेतात, कारण मूळ कोरड्या मुलखात दिवसा छिद्रे उघडली तर पाणी उडून जाते. पण प्राणवायू तयार होतो तो उजेडातच. माणसाला दिवसाला सुमारे साडेपाचशे लिटर प्राणवायू लागतो. त्या हिशेबात एका कुंडीचे योगदान कोठे दिसणारही नाही.

ह्यात आमचा स्वार्थ आहे, तो लपवीत नाही. एका कारखान्यात रंगाच्या वाफा बाहेर काढणारा पंखा बसवा म्हणून आम्ही बोलणी करावयास गेलो, तेव्हा व्यवस्थापकांनी दालनात दहा-बारा कुंड्या मांडून ठेवलेल्या दाखवल्या! खेळती हवा आणि धूळ-धूर काढण्याची सोय मालकाने करावी, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तेराव्या-चौदाव्या कलमांत लिहिले गेले होते. त्यात कुंडीचा उल्लेख नव्हता. झाड शोभेला आणि मनाला ठेवावे. हवेसाठी खिडकी उघडावी, आणि खिडकी नसेल तर ती मागावी.

घरात रांगते मूल वा मांजर असेल तर झाड उंचावर हवे. मनीप्लांटचे पान चावले तर तोंडाची आग होते, ओठ सुजतात. कच्च्या अळवाची खाज ज्याने अनुभवली आहे त्याला निराळे सांगावयास नको. सुईसारखे तेच स्फटिक येथेही असतात, आणि शेवळांत काकडे घालतात ती त्यांच्यावर उतारा म्हणूनच. स्नेकप्लांट पोटात गेले तर मळमळ, उलटी होते. ह्या बाबतीत दोघांत फार डावे-उजवे नाही. मात्र वेल खाली लोंबते आणि पोराच्या हाती लागते, हे लक्षात घ्यावे.

मग घ्यावे कोणते? खोलीला कुलूप लावून मे महिन्यात वा गणपतीला महिनाभर गावी जाणारा असेल, रात्रपाळी असेल, एकटा असेल, तर स्नेकप्लांट घ्यावे. जाताना पाणी घालावे आणि विसरावे. घरात कोणी रोज दिसणारे, मायेचे माणूस असेल आणि खिडकीला बऱ्यापैकी उजेड असेल तर मनीप्लांट घ्यावे, पण मातीत. ती भराभर वाढते, आणि वाढताना दिसणारे झाड माणसाला जी सोबत करते ती ठोंब्यासारख्या उभ्या स्नेकप्लांटला जमत नाही, हेही कबूल केले पाहिजे. वेल फार झाली म्हणून धबधब्याच्या वाटेवर रानात मात्र फेकू नये. श्रीलंकेच्या जंगलांत ती अशीच शिरली आणि झाडांवर चढून बसली आहे.

आमच्या कचेरीतली ती बाटली आम्ही त्याच दिवशी फोडली. वेल आता दाराशी तेलाच्या डब्यात, मातीत आहे आणि पत्र्यापर्यंत चढली आहे. तो पोरगा बरा होऊन कामाला लागला, त्याच्या खोलीत तिचेच एक कांडे आहे. ज्याला हवे असेल त्याने संध्याकाळी सहानंतर येऊन मागून न्यावे. चोरण्याची गरज नाही.