तिकिटावरील शंख आणि माळेतील कवडी

शंख-शिंपल्यांची चित्रे असलेली टपाल तिकिटे जमविणे हा वरवर पाहता प्राणिशास्त्राच्या अभ्यासकाचा छंद वाटतो. परंतु कोणते तिकीट संग्रहात घ्यावे व कोणते वगळावे, हा प्रश्न उपस्थित होताच तो अर्थविचाराच्या कक्षेत येतो.

बहामा बेटांच्या १८५९ च्या तिकिटावर व्हिक्टोरिया राणीच्या मुखचित्राबरोबर शंख आणि अननस आहेत. तेथे शंख ही त्या भूमीची खूण होय. त्रावणकोर संस्थानाच्या १८८८ पासूनच्या 'अंचल' तिकिटांवरील शंख राजचिन्ह आहे, आणि त्याचे मूळ पद्मनाभाच्या उपासनेत आहे. भारतीय टपाल खात्याच्या १९९८ च्या चार तिकिटांवर मात्र तो केवळ समुद्रजीव आहे. त्यांत कवडीच्या कुळातील एक जातही आहे. चित्रविषय एकच, संकेत तीन.

चौथा संकेत मूल्याचा. तो समजून घेण्यास समुद्रकिनारा नसलेला धाराशिव जिल्हाच अधिक उपयोगी पडतो. 'कवडी' हा शब्द संस्कृत 'कपर्दिका', प्राकृत 'कवड्डिआ' या क्रमाने मराठीत आला. मालदीव बेटांतून येणारी कवडी देशात नाणे म्हणून चाले. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील कोष्टक वीस वराटकांची, म्हणजे कवड्यांची, एक काकिणी येथून सुरू होते. कोष्टकाच्या तळाची ही पायरी, म्हणूनच 'कवडीमोल', 'कवडीचुंबक', 'फुटकी कवडी' हे प्रयोग रूढ झाले. शब्दाला असा हीनार्थ चिकटला, तरी तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यातील कवड्यांच्या माळेचे पावित्र्य उणावले नाही. कारण तेथे कवडी मोजली जात नाही, धारण केली जाते. शब्द एका वाटेने गेला, वस्तू दुसऱ्या.

घानात नेमके उलट घडले. आकान भाषेतील कवडीवाचक शब्दापासून 'सेडी' हे नाव घेऊन १९६५ साली ते राष्ट्रीय चलनास देण्यात आले. तेव्हापासून तेथील तिकिटावर शिंपल्याचे चित्र नसले, तरी किमतीच्या जागी कवडी नावाने उभीच असते. प्राणिशास्त्रज्ञ असे तिकीट वगळील; भाषाशास्त्रज्ञाने ते वगळता कामा नये.

म्हणून संग्राहकाने तिकिटाखाली लॅटिन जातिनामाबरोबर देशी नाव आणि त्याचा वापरही नोंदवावा. अन्यथा संग्रहात कवडीचे कवच राहील. समुद्र न पाहिलेल्या माणसाच्या बोलीत ती कशी रुजली, हे मात्र नोंदीबाहेर राहील.