अंगावरची शिल्लक

घरातील वडीलधारे माणूस खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळले, की त्याच्या स्नानाचा प्रश्न उभा राहतो. मग बादलीत साबण कालवून, त्याच पाण्यात पिळलेल्या फडक्याने गादीवरच अंग पुसले जाते. काही दिवसांनी पाठीला खाज सुटते, त्वचा कोरडी पडते. रुग्ण चिडचिडा झाला, असे घरचे म्हणतात. पुष्कळदा कारण मात्र अंगावर वाळलेल्या साबणाचे असते.

निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा पीएच साधारण ५ असतो. साबणाचे पाणी अल्कधर्मी, त्याचा पीएच ९ ते १०. साबणाचा रेणू एका टोकाने तेल धरतो, दुसऱ्याने पाणी. म्हणून मळ सुटतो. परंतु सुटलेला मळ आणि साबण दोन्ही उचलले गेले नाहीत, तर ते तेथेच राहून त्वचेची स्निग्धता हिरावून घेतात.

न धुता ही शिल्लक काढता येते. २०१३ मध्ये अंतराळ स्थानकातून कॅरन नायबर्ग यांनी आपले लांब केस धुऊन दाखवले. वाहते पाणी तेथे नाही. थोडे कोमट पाणी, न धुण्याचा शाम्पू, टॉवेलने पुसणे, पुन्हा थोडे पाणी आणि पुन्हा टॉवेल, असा तो क्रम होता. मळ व शाम्पू उचलण्याचे काम टॉवेलने केले.

घरीही हेच करावे. दोन पातेली घ्यावीत : एकात सौम्य साबणाचे अगदी थोडे द्रावण, दुसऱ्यात निव्वळ कोमट पाणी. दोन्हींची फडकी वेगळी असावीत. एका वेळी एकच अवयव पुसावा. त्यावर साध्या पाण्याचे फडके दोन-तीनदा, दर वेळी नवी घडी करून फिरवावे. पाणी गढूळ होताच बदलावे. केसांच्या बटा वेगळ्या करून मुळांपासून टोकांकडे ओल्या पंच्याने पुसाव्यात. काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या न घासता टिपून कोरड्या कराव्यात.

पुसताना माकडहाड व टाचाही पाहाव्यात. बोटाने दाबूनही न जाणारी लाली शय्याव्रणाची सुरुवात असू शकते. तेथे चोळू नये, डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी साधे फडके स्वच्छ पाण्यात पिळावे. फेस आला, तर हिशेब अजून मिटलेला नाही.