नावाची नोंद

मुलांनो, आपल्या संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदात प्रौढ मतदानाचा हक्क सांगितला आहे. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले, आणि एकवीस वर्षे पूर्ण केलेला नागरिक, मग तो जमीनदार असो की त्याच्या शेतावर राबणारा मजूर असो, सारखाच मतदार ठरला. (ही वयोमर्यादा १९८९ मध्ये अठरा वर्षांवर आणली गेली.) इंग्रजी अमदानीत असे नव्हते. १९३५ च्या कायद्यानुसार ज्यांच्यापाशी काही मालमत्ता होती, जे कर भरीत किंवा ज्यांचे थोडेफार शिक्षण झाले होते, अशांनाच बहुधा मत देता येई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रौढ मतदानाची मागणी १९२८ सालीच सायमन कमिशनपुढे मांडली होती. ती आता देशाचा कायदा झाली.

परंतु हक्क कागदावर उतरला म्हणजे तो माणसाच्या हाती पोचला असे नव्हे. मत द्यावयाचे तर मतदारयादीत नाव हवे. आणि बहुसंख्य लोकांचे नाव तोवर अशा यादीत कधी आलेच नव्हते. ते लिहून घेण्याचे काम सरकारी नोकरांवर पडले. त्याचा प्रारंभ संविधान पुरे होण्याच्याही आधी, १९४८ मध्ये झाला होता. फाळणीमुळे घरदार सोडून आलेले निर्वासित छावण्यांत राहत होते. अमुक इतके दिवस येथे वास्तव्य आहे, असा दाखला ते कोठून आणणार? तेव्हा, येथेच कायम राहण्याचा आमचा विचार आहे, एवढे त्यांनी लिहून दिले तरी नाव घ्यावे, असे ठरले. एका साध्या कचेरीच्या आदेशाने बेघर माणसे मतदार झाली.

मार्च १९५० मध्ये सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. ते सनदी अधिकारी होते आणि गणिताचे पदवीधर होते. पुढ्यातले कामही मोठ्या आकड्यांचेच होते. मतदार सुमारे १७ कोटी ३२ लाख, आणि त्यांतील बहुतेक निरक्षर! याद्या टंकलिखित करण्यासाठीच १६,५०० कारकून सहा महिन्यांच्या कराराने नेमावे लागले.

याद्या तयार होऊ लागल्या तेव्हा एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. विशेषतः उत्तर भारतातील पुष्कळ स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नव्हते. परक्या पुरुषाला नाव सांगणे त्यांच्याकडे रीतीला धरून नव्हते. म्हणून लिहिणाऱ्यांनी 'अमक्याची आई', 'तमक्याची पत्नी' अशा नोंदी केल्या होत्या. आपल्याकडेही शेजारणीला 'बंडूची आई' म्हणून हाक मारतात. पण ती हाक झाली, नोंद नव्हे. मतदान केंद्रावर आलेली स्त्री तीच की दुसरी, हे अशा नोंदीवरून कसे ओळखावे? शिवाय मत तिचे होते. ते कोणाची आई किंवा पत्नी म्हणून तिला मिळालेले नव्हते.

सेन यांनी आदेश दिला की, स्त्रीचे स्वतःचे नाव लिहावे. ते न मिळाल्यास नोंद रद्द करावी. नाव सांगण्यासाठी मुदतही वाढवून देण्यात आली. कित्येकींनी नावे सांगितली. तरीही सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली, आणि त्यांना पहिल्या निवडणुकीत मत देता आले नाही.

निर्णय कठोर होता, यात संशय नाही. ज्यांना रूढीने गप्प बसविले होते, त्यांनाच शिक्षा झाली, असे कोणी म्हटले तर ते अगदीच चूक ठरणार नाही. त्या वेळी ओरडही झाली. सेन यांना मात्र ही ओरड इष्ट वाटली. तिच्यामुळे पुढील निवडणुकीपर्यंत हा संकोच नाहीसा होईल, अशी त्यांची अपेक्षा होती. 'तमक्याची पत्नी' ही नोंद एकदा चालू दिली असती, तर ती कदाचित पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली असती.

२५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचल प्रदेशातील चिनी येथे पहिले मतदान झाले. बर्फाने वाटा बंद होण्यापूर्वी तेथले काम उरकावयाचे होते. इतरत्र ते फेब्रुवारी १९५२ पर्यंत चालले. निरक्षरांना अडचण पडू नये म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावीत. यांपैकी लाखो पोलादी पेट्या मुंबईच्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या होत्या. काही दुर्गम डोंगरी गावांसाठी तर नदीवर पूल बांधावे लागले.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत स्त्रियांच्या मतदानाचे प्रमाण पुरुषांहून किंचित अधिक होते. यादीचे काम मात्र संपलेले नाही. त्यासाठी आजही पुष्कळदा एखादे शिक्षक किंवा अंगणवाडीसेविका दारी येतात, आणि घरातील बाईंना विचारतात, "आपले नाव काय?"