बॅकअप ओके म्हणतोय, पण टेपवर काय गेलं?

आज थोडं मागे जाऊ, नव्वदच्या दशकात. समजा सन कंपनीची दोन युनिक्स वर्कस्टेशन्स आहेत आणि टेप ड्राइव्ह एकालाच आहे. मग दुसऱ्याचा बॅकअप नेटवर्कवरून न्यायचा. इकडे टार फाइल्सचा गठ्ठा बांधतो, आरएसएच तो पलीकडे पोचवतो, तिथला डीडी टेपवर लिहितो. ही साखळी अडली, की एकेक कडी तपासायची.

पहिली कडी लॉगिनची. 'पर्मिशन डिनाइड' आलं, तर टेपच्या आधी आरएसएचने नुसती डेट कमांड पलीकडे चालवून बघा. तारीख आली नाही, तर पलीकडच्या डॉट-आरहोस्ट्स फाइलमध्ये आपल्या मशीनचं नाव आहे का ते पाहा. तारखेसोबत 'वेलकम'सारखी ओळ आली, तर डॉट-सीएसएचआरसीमधला तो एको काढा. नाहीतर टेप परत वाचताना ती ओळ डेटात मिसळते.

दुसरी कडी ब्लॉकची. टार सहसा ५१२ बाइटचे २० ब्लॉक एकत्र करतो, म्हणजे १०,२४० बाइट. डीडीला काही सांगितलं नाही, तर तो ५१२-५१२ चे तुकडे लिहितो. बीएस देऊनही भागत नाही, कारण नेटवर्कवरून डेटा लहानमोठ्या तुकड्यांत येतो आणि डीडी आला तसा लिहितो. म्हणून ओबीएस द्यायचं. मग तो ब्लॉक भरेपर्यंत थांबतो.

तिसरी कडी डिव्हाइसच्या नावाची. सनओएसवर आरएसटी० काम संपलं की टेप रिवाइंड करतं, एनआरएसटी० करत नाही. एका टेपवर दोन बॅकअप घ्यायचे आणि पहिल्याला आरएसटी० वापरलं, तर दुसरा पहिल्याच्या उरावर बसतो!

आता खरी गोम. पलीकडे डीडी फेल झाला, तरी आरएसएच यशाचा शून्यच देतो. तिकडच्या कमांडचा एक्झिट स्टेटस तो आणतच नाही. त्यावर विसंबणारी स्क्रिप्ट रोज रात्री 'ओके' लिहीत राहते, आणि डिस्क गेल्यावर कळतं की टेप कोरी आहे. म्हणून डीडी शेवटी किती रेकॉर्ड आत-बाहेर गेले ते सांगतो, ती ओळ वाचा. आणि टेप परत वाचून टारकडून फाइल्सची यादी काढा.

आज एसएसएच पलीकडचा स्टेटस आणतो. तरी नियम तोच: परत काढून बघितला नाही, तो बॅकअप धरायचा नाही. तुमच्या फोनवरही 'बॅकअप पूर्ण' दिसतंय ना? आज त्यातला एक फोटो परत काढून बघा. भेटू पुढच्या भागात!