शिवनेरीच्या सावलीतले जुन्नर

जुन्नरला जाणारा पाहुणा बहुधा दोनच गोष्टी पाहून परततो. सकाळी शिवनेरी, दुपारी लेण्याद्रीचा गिरिजात्मज आणि मधल्या वेळात एस. टी. स्टँडवरचा चहा. दोन्ही स्थळे थोरच. तिथे नमस्कार घडलाच पाहिजे. पण या दोहोंच्या मधोमध एक जुने गाव नांदते आहे, याचा त्याला गंधही नसतो.

माझी मावशी जुन्नरला दिलेली. तिच्याकडे चार दिवस मुक्काम पडला, तेव्हा मी एक नेम केला : गेलो त्या वाटेने घरी परतायचे नाही.

पहिल्याच दिवशी हापूसबाग लागली. नावावरून तोंडाला पाणी सुटावे, पण समोर उभा ठाकला एक भलाथोरला दगडी घुमट! लोक त्याला सौदागर घुमट म्हणतात. हापूसबाग म्हणजे मूळची हबशीबाग असावी, असे काही जाणकार मानतात. ते पटतेही. १४९० साली मलिक अहमदाने निजामशाही उभी केली ती जुन्नरात, आणि पुढे त्या दरबारात हबशी सरदारांचा दबदबा वाढला. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर त्यांतलाच.

दुसरे दिवशी गावाच्या पश्चिमेकडील तुळजा लेणी गाठली. आपल्याकडची चैत्यगृहे लांबट. इथले मात्र चक्क वाटोळे! मधोमध स्तूप, भोवती बारा अठपैलू खांब आणि वर घुमटी छत. नक्षीकाम जवळजवळ नाहीच. मला तर ते कार्ल्याच्या थाटमाटापेक्षा अधिक भावले. (कार्लेकरांनी रागावू नये.)

जुन्नरच्या भोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत. ती कोरायला पैसा कोणी दिला? राजेरजवाड्यांनीच, असे आपण धरून चालतो. भिंतीवरचे ब्राह्मी लेख वेगळेच सांगतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिले. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप. बुरूड नि कासार यांच्या श्रेण्यांकडे तर धर्मकार्यासाठी रकमा ठेवलेल्या असत! नाणेघाट चढून आलेला माल याच बाजारात उतरे. तेव्हा दूरदेशीचा माणूस इथे दान देऊन जातो, यात नवल ते काय?

तिसऱ्या दिवशी कागदी मंडळींच्या वस्तीची चौकशी केली. एके काळी जुन्नरी कागदाचा मोठा लौकिक होता. लगदा हौदात कालवायचा, चाळणीवर ताव उचलायचा, वाळवून खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. तेव्हा कुठे बोरू न अडखळता चाले. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला.

संध्याकाळी हे सारे मावशीला सांगितले. पन्नास वर्षे जुन्नरात काढून तिने तुळजा लेणी पाहिली नव्हती. मला वाटले, ती हसण्यावारी नेईल. ती म्हणाली, "उद्या मला घेऊन चल."

"मावशी, चढ आहे. गुडघे दुखतील."

"दुखू देत. माझ्या माहेराला मी असेच म्हणत होते, काय पाहायचे त्यात!"

तिचे माहेर, म्हणजे माझे आजोळ, जुने आंबेगाव. ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे नाव आंबेगावच राहिले, कचेऱ्या घोडेगावात. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या देवळांचे अवशेष वर येतात, तेवढीच खूण.

चौथ्या दिवशी आम्ही निघालो. मावशी दर वीस पावलांवर बसे, पदराने वारा घेई आणि पुन्हा उठे. वाटोळ्या लेण्यात शिरल्यावर तिने एकेका खांबाला हात लावीत प्रदक्षिणा घातली. बारा भरले, तशी पायरीवर टेकली आणि पिशवीतून दशम्या काढल्या.

"आमच्या गावच्या देवळाला किती खांब होते रे?" तिने विचारले.

मला ठाऊक नव्हते. वैशाखात पाणी उतरले की दोघांनी जाऊन मोजायचे ठरले आहे.