जुना बँडसॉ घेताय? आधी गिअरबॉक्सचं तेल बघा!

वर्ध्यात एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून मी लोखंड कापायचा जुना बँडसॉ १४ हजारांना घेतला. रंग नवाकोरा, त्यालाच भुललो. घरी गिअरबॉक्स उघडला तर तेलात सोनेरी कण चमकत होते. आतलं कांस्याचं वर्मव्हील झिजलेलं! साडेतीन हजार तिथेच गेले. म्हणून घासाघीस नंतर, आधी मशीन बंद करून तेलात बोट बुडवा.

दुसरं दुखणं म्हणजे काप तिरका जायचा. मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढला, तेव्हा दिसलं की पातं गाइड बेअरिंगमध्ये डोलतंय. प्लग काढून दोन्ही बाजूंची बेअरिंगं पात्याला जेमतेम टेकतील इतकी जवळ आणली, गुण्या लावून पातं बेडशी ९० अंशात केलं, मग थोडा ताण वाढवला. एवढ्यानेच निम्मा तिरकेपणा गेला. उरलेला दोष जुन्या ब्लेडचा, एका बाजूचे दात बोथट झाले होते.

नवं ब्लेड घेताना लक्षात ठेवा, कापताना निदान ३ दात लोखंडात हवेत. पातळ पाइपला बारीक दातच लागतात, नाहीतर दात तुटतात. माइल्ड स्टीलला मिनिटाला २५-३० मीटर वेग पुरे.

पेरणी तोंडावर आहे, शेजारच्या काकांचा डवरा उद्या येतोय.